‘चालत नाही’ म्हणजे नक्की काय?



संगणक कक्षातली तक्रारवही परवा आम्ही चाळली. पानामागून पान एकच वाक्य: ‘कंप्यूटर चालत नाही.’ कोणता, कधीपासून, काय करताना, काही पत्ता नाही. रागावणार होतो, पण हसू आले. हेच वाक्य १९९९ साली आम्ही स्वतः लिहिले होते, तेही थेट अमेरिकेला.

तेव्हा आम्ही दुसऱ्या एका शाळेत नवे शिक्षक होतो. फीच्या हिशोबासाठी तिथे एक विदेशी सॉफ्टवेअर आले होते. मदत मिळे ती फक्त ई-मेलवर. जुलैत बडेबाबू म्हणाले, “सर, हे पावतीच घेत नाहीये.” आमची पदवी हिंदी माध्यमातली, इंग्रजीची धाकधूक. शब्दकोश घेऊन सायबर कॅफेत बसलो आणि घड्याळाकडे बघत एक ओळ धाडली. आपली रात्र तो त्यांचा दिवस. सकाळी उत्तराऐवजी पाच प्रश्न आले: विंडोज कोणते, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, पडद्यावर नेमकी काय अक्षरे येतात, वगैरे. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी बडेबाबू सहज बोलून गेले, “बारा तारखेपर्यंत तर बरोबर घेत होते.” ते कळवले आणि दुसऱ्याच सकाळी उलगडा झाला. यंत्रावर अमेरिकी पद्धतीची तारीख होती, आधी महिना, मग दिवस. तेरावा महिना ते कुठून आणणार? त्याहून वाईट म्हणजे ५ जुलैची पावती ७ मेला जमा होत होती. पैसे भरलेल्या मुलांची नावे थकबाकीच्या यादीत लागली होती, आणि एक आई हातात पावती घेऊन सर्वांसमोर रडली होती. कंट्रोल पॅनेलमध्ये दुरुस्ती करायला दोन मिनिटे लागली.

फोनवर दिलेले उत्तर एकाच्याच कामी येते. कंप्यूसर्व्ह किंवा यूजनेटवर लिहिलेले उत्तर हजारोंनी वाचले. तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागले म्हणून उत्तरांच्या याद्या झाल्या. ‘एफएक्यू’ हा शब्द त्यातूनच रुळला. उत्तरे देणारे पुष्कळसे पगारी नव्हते, साधे ग्राहकच होते. मायक्रोसॉफ्टने १९९३ पासून अशांना ‘एमव्हीपी’ म्हणून मान द्यायला सुरुवात केली. १९९७ साली ‘इन्फोवर्ल्ड’चा उत्तम तांत्रिक साहाय्याचा पुरस्कार एखाद्या कंपनीला नव्हे, लिनक्स वापरणाऱ्या मंडळींना मिळाला.

प्रश्न कसा विचारावा यावर एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचे २००१ चे टिपण प्रसिद्ध आहे. आधी स्वतः शोधा, मग नेमके लिहा, असा त्याचा रोख. आम्हाला ते अर्धेच पटते. नवख्याला महत्त्वाचे काय आणि किरकोळ काय, हेच तर कळत नसते. बडेबाबूंना बारा तारीख किरकोळ वाटली होती. त्या अनोळखी कर्मचाऱ्याने आम्हाला टोचून न बोलता पाच प्रश्न विचारले, म्हणून गाडी पुढे सरकली. आमच्या सर-मॅडमनीही मुलांना आधी प्रश्न विचारावेत, मग हवे तर रागवावे.

तर नवी वही अशी: यंत्राचा क्रमांक, काय करत होतो, पडद्यावर काय आले (इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी उतरवून), स्वतः काय करून पाहिले. बाकी सगळे मराठीत. पहिले उत्तर आठवी-नववीची मुले लिहितील आणि ते वहीतच राहील.

एका विश्वस्तांचे म्हणणे, देखभालीचा वार्षिक करार असताना मुलांचा वेळ यात कशाला? त्यांचा मान राखून सांगतो, करारवाला आला की तोही पहिल्यांदा हेच विचारतो, आणि तेव्हा वर्गात कोणालाच काही आठवत नाही. हल्ली काही मुले म्हणतात, उत्तर यंत्रच देते. देते ना, पण त्यालाही ‘चालत नाही’ एवढेच लिहून बघा.

वही सोमवारपासून कक्षाच्या दाराशी असेल. पेन सुतळीने बांधले आहे, कृपया कोणी सोडून नेऊ नये.