आरोग्यसेवेच्या बैठकीत रुग्णालाही खुर्ची हवी

आरोग्य केंद्र कुठे बांधायचे, औषधे किती मागवायची, ओपीडीची वेळ काय ठेवायची, हे ठरवताना अधिकारी असतात, डॉक्टर असतात, लोकप्रतिनिधी असतात. ज्याच्यासाठी हे सगळे चालते तो रुग्ण आणि त्याला घेऊन येणारा घरचा माणूस मात्र नसतो. त्यांचा आवाज कानावर येतो तो थेट भांडण झाल्यावर.

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. वापरणाऱ्याला न विचारता केलेली प्रणाली आमच्या संगणकावर उत्तम चालते आणि बाहेर पडली की अडते, हा आमचा नेहमीचा अनुभव. दवाखान्याचेही तसेच आहे. आमच्या वेळणेश्वरचे पाहा. गावात 2012 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पण मोठ्या उपचारासाठी गुहागर, नाहीतर चिपळूण गाठावे लागते. रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय नकाशावर फार लांब दिसत नाही. प्रत्यक्षात तवसाळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगडला उतरायचे, नाहीतर रस्त्याने मोठा वळसा घ्यायचा. त्यात कोकणातल्या कितीतरी घरांत मागे राहतात ती म्हातारी माणसे, बायका आणि मुले. कमावता पुरुष मुंबईत किंवा आखातात.

अशा घरातल्या वृद्ध बाईला रक्तदाबाच्या गोळ्या एका वेळी पंधरा दिवसांच्याच मिळाल्या, तर तिला महिन्यातून दोनदा रिक्षा करावी लागते. दुसऱ्या वेळी ती जात नाही. केंद्राच्या नोंदीत गोळ्या उपलब्ध असतात आणि रुग्ण आलेला नसतो. का आला नाही, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नाही. ते फक्त तिला आणि तिच्या सुनेला माहीत असते. सेवा सुधारायची तर नेमकी हीच माहिती लागते, आणि ती विचारल्याशिवाय मिळत नाही.

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवले आहे. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात लोकाधारित देखरेखीची तरतूद होती. आपल्या राज्यात 2007 पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत हे काम उभे राहिले. राज्य पातळीवर समन्वय पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून आपल्या आरोग्यसेवेचे प्रगतिपुस्तक भरायचे: चांगल्याला हिरवा, मध्यमाला पिवळा, वाईटाला लाल रंग. नर्सबाई वस्तीवर येतात का, औषधे बाहेरून आणायला सांगतात का, पैसे मागतात का, वागणूक कशी मिळते, असे साधे प्रश्न. मग जनसुनवाई. तिथे गावकरी आपला अनुभव सर्वांसमक्ष मांडत आणि अधिकाऱ्यांना तिथेच उत्तर द्यावे लागे. जे आरोग्य केंद्राच्या हातात नाही ते तालुका, जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या समित्यांकडे जायचे. या प्रक्रियेतून अनेक ठिकाणी औषधांच्या बाहेरच्या चिठ्ठ्या आणि बेकायदा वसुली यांना आळा बसला.

आज साधने नाहीत असे नाही. गावोगावी ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिच्यासाठी वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत निधीची तरतूद आहे. सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. मोबाइलवरून रुग्णांचे मत घेणारी केंद्राची 'मेरा अस्पताल' व्यवस्था 2016 मध्ये आली. पण मोबाइलवर 'असमाधानी' असे बटण दाबले की आकडा वर जातो, उत्तर खाली येत नाही. आमच्या कामात तक्रार नोंदवणे ही फक्त सुरुवात असते. ती कोणाकडे गेली, काय झाले आणि कधी बंद झाली, हे तक्रार करणाऱ्याला दिसावे लागते. दवाखान्यातही तेच व्हायला हवे.

डॉक्टरांची बाजूही खरी आहे. जागा रिकाम्या, गर्दी मोठी, वर नातेवाइकांच्या रागाची भीती. पण प्रश्न विचारायला रीतसर जागा नसते, तेव्हा तो राग ओपीडीच्या दारात फुटतो. आणि डॉक्टरची रिक्त जागा भरा, ही मागणी एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पत्रापेक्षा त्याच्याबरोबर सगळ्या गावाने केली तर तिचे वजन वाढते.

आपल्या समाजालाही इथे एक गोष्ट विचारायला हवी. कोकणातल्या जमाती आणि मोहल्ला कमिट्या आजाऱ्याच्या मदतीला धावतात. कोणी गाडी देते, कोणी झकातीतून औषधांचा खर्च उचलते. हे पुण्याचे काम आहे, ते चालू राहावे. पण सरकारी केंद्रात मिळायला हवी होती ती गोळी आपण विकत आणून दिली आणि गप्प बसलो, तर ती तिथे नव्हती याची नोंदच होत नाही. पुढच्या महिन्यात ती कमतरता तशीच राहते, आणि जिच्यामागे कोणतीही जमात नाही त्या बाईला गोळी मिळत नाही. म्हणून मदत करावी आणि तारखेसह लिहूनही ठेवावे. मंदिर-मशीद, वाडी-मोहल्ला सगळ्यांचा दवाखाना एकच आहे. तेव्हा हे काम एकत्रच व्हायला हवे.

सुरुवात लहान असू शकते. आपल्या गावाच्या समितीत कोण आहे, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. नियमित औषध घेणारा एक रुग्ण, नुकतीच बाळंत झालेली एक आई आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणारी घरातली एक व्यक्ती, अशा तिघांना बैठकीला बोलावण्याचा आग्रह धरा. बैठक बायकांना येता येईल अशा वेळी ठेवा. आणि येत्या ग्रामसभेत एक पान वाचून दाखवा: लोकांनी काय सांगितले, त्यातले काय झाले, काय राहिले आणि ते कोणाकडे अडले आहे. पुढच्या ग्रामसभेत त्याच पानापासून सुरुवात करा.