परभाषा आणि घरची बोली

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या नंदुरबार जिल्ह्यात अनेक मुले घरी भिली, पावरी किंवा अहिराणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि महाविद्यालयात गेल्यावर त्यांतील काही इंग्रजी साहित्याचा अभ्यास करतात. या अभ्यासामुळे मुले घरच्या बोलीला विसरतील, अशी भीती कित्येकांना वाटते. ती अगदीच निराधार नाही. चार इंग्रजी वाक्ये बोलता येताच ज्यांना आजीची बोली गावंढळ वाटू लागते, असे विद्यार्थी आढळतात.

परंतु इंग्रजीचा इतिहासच अशांना वेगळा धडा देतो. एके काळी इंग्लंडात दरबारी मान फ्रेंच भाषेला होता. इंग्रजी ही सामान्य जनांची बोली होती. १३६२ साली न्यायालयांतील वाद इंग्रजीत चालावेत, असा कायदा झाला. त्याच शतकात दरबारात वावरणाऱ्या चॉसर कवीने आपले काव्य या लोकभाषेत रचले आणि तिला साहित्यात प्रतिष्ठा मिळवून दिली.

खानदेशातही अशी उदाहरणे आहेत. जळगाव जिल्ह्यातील सांगवी येथे जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीचे अध्यापन केले; पण १९६३ साली प्रसिद्ध झालेली 'कोसला' ही कादंबरी त्यांनी मराठीत लिहिली. नंदुरबार जिल्ह्यातील वाहरू सोनवणे यांनी तर आपल्या भिली बोलीत कविता केली.

म्हणून विद्यार्थ्यांनी इंग्रजी अवश्य शिकावी, तिच्यातील थोर ग्रंथ वाचावेत. मात्र लेखणी हाती घेताना आजीच्या तोंडचे शब्दही जपावेत. दुसऱ्याच्या घरी पाहुणचार घेणाऱ्याने आपल्या घरची चूल विझू देऊ नये.