सभागृहात काच मांडली म्हणून

गेल्या तिमाहीत आपल्या मंडळाचे सभागृह हाताने फुंकलेल्या काचेच्या विक्रीसाठी दोन दिवस देण्यात आले. खेडा जिल्ह्यातील कपडवंजचे आरसेकामाचे कारागीर आणि फिरोजाबादहून आलेले पेले, सुरया व दिव्यांच्या काचा विकणारे अशी मोजकी मंडळी होती. विक्री संपली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, आणि मग सभासदांची पत्रे येऊ लागली. त्यांतील बहुतेक पत्रे नाराजीची आहेत. त्यांचा सूर सभ्य आहे, आणि लिहिणारे आम्हांस आदरणीय आहेत; म्हणूनच उत्तर तोंडदेखले न देता सविस्तर द्यावे असे आम्हांस वाटते.

आक्षेप तीन आहेत. पहिला, सरस्वतीच्या मंदिरात बाजार कशाला? दुसरा, माल सदोष होता आणि वर महागही होता. तिसरा, यंत्रयुगात असल्या मागासलेल्या धंद्याला कवटाळून काय साधणार?

पहिला आक्षेप बडोद्यात घेतला जावा, याचेच आम्हांस नवल वाटते. ज्या सयाजीराव महाराजांनी १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, त्यांनीच १८९० साली या शहरात कलाभवन उभे केले. एका हाताने ग्रंथ आणि दुसऱ्या हाताने रंगाई व यंत्रविद्या, असे त्यांचे धोरण होते. या दोहोंत त्यांना विसंवाद दिसला नाही. आपल्यांतील कित्येक घराण्यांचे पूर्वज त्याच दरबारच्या आश्रयाने येथे आले. त्या आश्रयाचा अर्धाच वारसा आपण सांगावा आणि उरलेला अर्धा सतरंजीखाली सारावा, हे न्यायाचे नव्हे.

काचेपुरतेच बोलायचे, तर मराठी माणसाचे सार्वजनिक जीवन आणि काचेची भट्टी यांचे नाते जुने आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून स्वदेशी उद्योगासाठी निधी जमविण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे जो कारखाना निघाला, तो काचेचाच. परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे काम पाहत होते. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील ज्या घरात नव्हता, असे मराठी घर एके काळी शोधावे लागले असते. आज तो कारखाना बंद आहे. ओगलेवाडी हे गावाचे नाव तेवढे राहिले आहे. आणि ज्ञानाचीच कसोटी लावायची, तर १९६९ साली प्रसिद्ध झालेला भारतीय काचेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाचा आहे. एवढ्या परंपरेनंतर काच ही साहित्यसंस्थेच्या उंबरठ्याबाहेरची वस्तू आहे, असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे?

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे, म्हणून त्याची फोड करणे अगत्याचे आहे. एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिले आहे की, सहा पेले घेतले, त्यांतील दोन एका उंचीचे नाहीत आणि एकात बुडबुडा आहे. आम्ही विचारतो, पेला होतो कसा? वाळू, सोडा आणि चुनखडी यांचे मिश्रण सुमारे चौदाशे अंश उष्णतेवर वितळते. कारागीर लोखंडी पोकळ नळीच्या टोकाला त्या रसाचा गोळा घेतो. या नळीला फुंकणी म्हणतात; आपल्या आज्यांनी चुलीपाशी वापरली, तिच्याच नावाची. नळी सतत फिरवीत तो फुंकर घालतो. फिरविणे क्षणभर थांबले, तर गोळा एका अंगाला लोंबतो. फुंकर जास्त झाली, तर भिंत पातळ होते. आकार आल्यावर तो पेला दुसऱ्या भट्टीत हळूहळू निववावा लागतो. तसे न केल्यास काचेत ताण राहतो आणि आठवड्याभराने तो पेला कपाटात आपोआप तडकतो. या साऱ्या प्रकारात हवेचा एक कण आत राहणे आणि उंचीत सुताचा फरक पडणे, हा दोष मानायचा की हस्ताक्षर, याचा विचार हस्तलिखिताचे मोल जाणणाऱ्या मंडळींनी तरी करावा.

मात्र येथे आम्हांस दुसऱ्या बाजूलाही चार शब्द सुनवावयाचे आहेत. हाताने केले म्हणून सारेच क्षम्य, ही भूमिका आमची नाही. जो पेला टेबलावर डुगडुगतो, ज्याची कड ओठाला कापते, जो नीट निववलेला नाही, ते वाईट काम आहे. ते परत करण्याचा ग्राहकास पूर्ण अधिकार आहे. शिवाय साच्यात यंत्राने दाबलेला माल ‘हस्तनिर्मित’ म्हणून खपविला जातो, हेही खरे. त्यावर उपाय म्हणजे डोळे उघडे ठेवणे. फुंकलेल्या भांड्याच्या तळाशी बहुधा सळई तोडल्याचा वण सापडतो. दाबलेल्या भांड्यावर साच्याची शिवण उठते. कपडवंजचे आभले ओळखणे तर त्याहून सोपे आहे. तेथे काचेचा मोठा गोळा फुंकतात, त्याला आतून धातूचा चकाकता लेप देतात आणि मग तो फोडून त्याचे तुकडे कापतात. गोळ्याचा तुकडा म्हणून प्रत्येक आभल्याला किंचित बाक असतो, आणि त्या बाकामुळेच कच्छी भरतकामातला आरसा दिव्याच्या उजेडात निरनिराळ्या दिशांनी लुकलुकतो. सपाट कारखानी आरशाला ते साधत नाही. नवरात्रात आपल्या मुली चणिया-चोळी घालून गरब्याला जातात. त्यावरचा आरसा बाकदार आहे की सपाट, हे आपल्यापैकी कितींनी बोट फिरवून पाहिले आहे?

आता किमतीविषयी. काचेची भट्टी ही दिवाणखान्यातील दिव्यासारखी मालवता येत नाही. ती थंड झाली, तर आतील मूस तडकते आणि पुन्हा तापविण्यास फार इंधन जाते. म्हणून गिऱ्हाईक असो वा नसो, ती रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. ताजमहालाच्या रक्षणार्थ सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला, त्यानंतर त्या पट्ट्यातील कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळणे भाग पडले. निकाल योग्यच होता. पण वायूचा दर वाढला की पेल्याचा दर वाढणार, हे गणित कोणालाही समजेल. मोठ्या दुकानातील छापील किमतीपुढे आपण मुकाट्याने मान तुकवतो आणि सतरंजीवर बसलेल्या माणसाशी मात्र दहा रुपयांसाठी पाऊण तास घासाघीस करतो. याला काटकसर म्हणावयाचे नाही. समोरच्याची पायरी पाहून बदलणारी ती वृत्ती आहे, आणि ती आम्हांस आक्षेपार्ह वाटते.

उलट टोकाला दयाबुद्धीने खरेदी करणारेही आहेत. ‘बिचारे किती लांबून आले’ म्हणत ते एखादी सुरई उचलतात. आम्हांस हेही पटत नाही. कारागिराला दया नको, जाणता गिऱ्हाईक हवा. आणि जाणत्या गिऱ्हाइकाने अवघड प्रश्न विचारलेच पाहिजेत. काचेच्या, विशेषतः बांगड्यांच्या धंद्यावर बालमजुरीचा कलंक फार वर्षांचा आहे. २०१६ च्या कायदेदुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास मनाई केली, तरी घरच्या उद्योगातील मदतीला सवलत ठेवली. ती सवलत कोणाच्या सोयीची आहे, हे सांगावयास नको. वस्तू सुंदर आहे एवढ्यावर समाधान न मानता ती कोणी केली, कोठे केली, आणि त्याच्या हाती काय पडले, हे विचारणे हा सौजन्याचा भंग नव्हे. उत्तर न देणाऱ्या विक्रेत्याला पुढील वर्षी सभागृह नाकारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या आक्षेपाला, म्हणजे मागासलेपणाच्या आरोपाला, फार शब्द खर्ची घालण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने हाताने काच घडविण्याच्या ज्ञानाची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली, तीही चेकिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेन या देशांच्या मागणीवरून. यंत्रयुग त्या देशांना आपल्यापेक्षा कमी ठाऊक आहे, असे कोणी म्हणणार नाही. यंत्राच्या बाटलीशी स्पर्धा करा, असे त्यांनी आपल्या कारागिरांना सांगितले नाही. यंत्राला जे येत नाही, ते हातात टिकावे अशी तजवीज केली.

आणि जी पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहून मायबोली राखते, अशा घराण्यांना हा मुद्दा समजावून द्यावा लागू नये. काचकपाटात ठेवलेल्या वस्तूचे काय होते, हे आपण जाणतो. ती फुटत नाही हे खरे, पण तिच्यावाचून कोणाचे अडतही नाही. म्हणून आमचे सभासदांना सांगणे असे की, घेतलेले पेले पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. त्यांतून रोज पाणी प्या, कोकम सरबत द्या. एखादा फुटेल. फुटला तर दुसरा घ्यावा लागेल, आणि तो फुंकणारा कोणीतरी जिवंत आणि कामावर असावा लागेल. भट्टी चालू राहण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाही.

कार्यकारिणीपुढे आम्ही तीन सूचना ठेवीत आहोत. सभागृह दरवर्षी दोन दिवस या विक्रीला द्यावे. प्रत्येक मांडणीवर कारागिराचे नाव, गाव आणि वस्तू फुंकलेली की साच्यात दाबलेली, हे लिहिलेले असावे. आणि आपल्या सभासदांपैकी चौघांनी कारागिरांपाशी बसून त्यांच्या धंद्याचे शब्द टिपून घ्यावेत. फुंकणी आणि मूस यांच्यापलीकडे त्यांच्या बोलीत अवजारांना, काचेच्या रंगांना, भट्टीच्या भागांना काय म्हणतात आणि मराठीत त्यांना कोणते शब्द आहेत, याची यादी या पत्रिकेतून छापावी. साहित्यसंस्थेने बाजारात जाऊन काय करावे, असा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांच्यापैकीच चौघे या कामास पुढे आले, तर आम्हांस आनंद होईल.