घरचे जनित्र

घरात जनित्र आणावे असा विचार करणाऱ्या गृहस्थाने दुकानात जाऊन किंमत विचारण्यापूर्वी आपल्या घराभोवती एक फेरी मारावी, असे आमचे सांगणे आहे. भर पावसात, रात्रीच्या वेळी, दारेखिडक्यांपासून निदान 20 फूट दूर हे यंत्र कोठे ठेवता येईल, ते प्रथम पाहावे. तशी जागा सापडली तर पुढील विचार करण्यात अर्थ आहे. न सापडली तर जनित्राचा नाद सोडून बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर घ्यावा, हेच उत्तम.

खानापूर, चंदगड, सत्तरी अशा सह्याद्रीलगतच्या भागांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस पावसाळ्यातील अंधार नवा नाही. झाडाची फांदी तारेवर येते, खांब कलतो, आणि रानातून गेलेल्या वाहिनीतील बिघाड सापडेपर्यंत दिवस मावळतो. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा तर कित्येक गावांस दिवसचे दिवस विजेवाचून काढावे लागले. अशा वेळी ज्या घरी इन्सुलिन घेणारा रुग्ण आहे, किंवा ज्याचा श्वास यंत्राच्या आधाराने चालतो असा वृद्ध आहे, त्या घरास जनित्र ही चैन वाटत नाही. म्हणूनच त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

जागेचा आग्रह आम्ही का धरतो, ते आधी सांगतो. पेट्रोलच्या इंजिनातून जो धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. धुराला जो वास येतो तो इतर घटकांचा. म्हणून वास येत नाही, तस्मात् भय नाही, असे समजणे घातक होय. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायूस जितके धरते त्याहून 200 पटींनी अधिक घट्ट ह्या वायूस धरते. परिणामी छाती वरखाली होत असूनही शरीर प्राणवायूवाचून राहते. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे, अंग गळून जाणे ही त्याची लक्षणे. ती इतकी साधी दिसतात की मनुष्य रात्रीच्या जेवणास दोष देऊन अंथरुणावर पडतो. आणि जो झोपला त्यास लक्षणे जाणवण्याचाही अवसर मिळत नाही. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि हृदयाचे रुग्ण ह्यांस त्याची बाधा अधिक होते.

आता आपल्याकडे घडते ते असे. पाऊस कोसळत असतो. यंत्र भिजू नये, ते कोणी उचलून नेऊ नये, आणि पुन्हा पुन्हा बाहेर जावे लागू नये, म्हणून ते पडवीत मांडले जाते. पडवी तीन बाजूंनी उघडी असली तरी चौथ्या बाजूस घराचे दार असते; शिवाय कौलारू घरात भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यातून हा वायू माजघरात उतरतो. खिडकी उघडून किंवा पंखा लावून त्याचे निवारण होत नाही. पडवी, गोठा, गाडीची शेड, जिन्याखालची खोली, ही सर्व स्थाने वर्ज्य मानावीत. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा नैऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो. तेव्हा घराच्या पूर्व अंगास, धुराचे तोंड घराकडे न करता, यंत्र ठेवणे सोयीचे. मात्र शेजाऱ्याची खिडकी त्या बाजूस नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. वादळात वाऱ्याची दिशा बदलते, हेही ध्यानात असू द्यावे. पावसापासून रक्षणासाठी चार खांबांवर पत्र्याचे छप्पर घालावे, चारही बाजू मोकळ्या ठेवाव्यात, आणि खाली विटांचा सपाट ओटा करावा. चालू यंत्रावर ताडपत्री पांघरू नये. त्याने यंत्र तापते आणि आग लागते.

कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा बॅटरीवरील छोटा अलार्म मिळतो. ज्या घरी जनित्र आहे तेथे तो झोपण्याच्या खोलीजवळ असावा. घरातील दोघातिघांस एकाच वेळी डोकेदुखी किंवा मळमळ सुरू झाली तर चर्चा न करता सर्वांनी उघड्यावर यावे, यंत्र बंद करावे आणि इस्पितळ गाठावे. मोकळ्या हवेत बरे वाटले म्हणून घरी परतू नये. हा वायू रक्तातून निघून जाण्यास तास लागतात, आणि त्यावर उपाय म्हणजे इस्पितळात दिला जाणारा शुद्ध प्राणवायूच होय.

जागा ठरली की मग भाराचा हिशेब करावा. पुष्कळ लोक येथे उलटे चालतात: मोठे यंत्र घेऊन येतात आणि मग त्यावर काय चालवावे ह्याचा शोध करतात. 9 वॅटचे चार एलईडी दिवे, 75 वॅटचे दोन पंखे, 150 वॅटचा फ्रिज, 80 वॅटचा दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल भरण्यास 20 वॅट, अशी बेरीज 436 वॅट होते. परंतु फ्रिजसारखे मोटारीचे यंत्र सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. तो धक्का धरला तर गरज 1200 वॅटच्या आसपास जाते. तेव्हा सुमारे 2 केव्हीएचे जनित्र अशा घरास पुरून उरते. यंत्रावर दोन आकडे लिहिलेले असतात, एक क्षणभर पेलण्याचा आणि एक सतत पेलण्याचा. विक्रेता पहिला आकडा मोठ्याने सांगतो. आपण दुसऱ्यावर हिशेब करावा, आणि त्याच्याही तीनचतुर्थांशाहून अधिक भार सतत घालू नये.

इस्त्री, गीझर, विजेची शेगडी ही जनित्रावर चालवण्याची साधने नव्हेत. विहिरीच्या पंपाचा मोह अनेकांस होतो. 1 अश्वशक्तीचा पंप चालताना हजार वॅटच्या वर वीज घेतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट मागतो. केवळ त्याच्यासाठी दुप्पट किमतीचे यंत्र घ्यावे लागते. आमच्या मते वादळाची सूचना मिळताच टाकी भरून ठेवणे हा अधिक शहाणपणाचा उपाय आहे. बागायतदाराची गोष्ट निराळी. एक लीटर पेट्रोलमधून असे छोटे यंत्र फार तर दीड ते दोन युनिट वीज देते. म्हणजे ती वीज घरच्या विजेच्या अनेक पट महाग पडते. दोनतीन तासच वीज जात असेल तर 150 अँपिअर-अवरची एक बॅटरी दिवे आणि पंखे सुखाने चालवते, आणि तेथे जनित्राचे काहीच प्रयोजन नाही.

बाजारात दोन जाती आढळतात. जुन्या धर्तीचे जनित्र मिनिटास 3000 फेऱ्यांच्या एकाच वेगाने फिरते, त्यामुळे भार थोडा असो वा पुष्कळ, आवाज आणि इंधनाचा खर्च फारसा कमी होत नाही. दुसरी जात इन्व्हर्टर जनित्राची. तिचे इंजिन भाराप्रमाणे वेग कमीजास्त करते. आवाज सौम्य, पेट्रोल कमी, आणि वीज इतकी स्थिर की संगणक किंवा रुग्णाचे यंत्र निर्धास्त चालवावे. किंमत मात्र बरीच अधिक. घरात रुग्ण असेल तर आम्ही दुसऱ्या जातीची शिफारस करू. दिवे, पंखे व फ्रिज एवढेच असेल तर पहिली पुरे. जवळच्या तालुक्याच्या गावी ज्याचे सुटे भाग मिळतात आणि ज्याची दुरुस्ती करणारा मिस्त्री आहे, तेच यंत्र घ्यावे. परदेशात नोकरीस असलेल्या मुलाने अमेरिकन जनित्र पाठवण्याची इच्छा दर्शवली तर प्रेमाने नको म्हणावे. तिकडील वीज 120 व्होल्टची व 60 आवर्तनांची, आपली 230 व्होल्टची व 50 आवर्तनांची.

ह्यापुढील गोष्ट आम्ही अगदी स्पष्ट शब्दांत लिहितो. दोन्ही टोकांस पिना लावलेली वायर करून, तिचे एक टोक जनित्रास आणि दुसरे भिंतीतील प्लगमध्ये खोचून सारे घर उजळण्याची युक्ती गावोगावी चालते. ही युक्ती माणसे मारते. एका टोकाच्या उघड्या पिनांत वीज असते हे तर झालेच. परंतु मुख्य स्विच बंद करण्यास विसरले तर जनित्राची वीज मीटरमधून बाहेर पडून खांबावर जाते, आणि गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट्या दिशेने शिरून पलीकडे 11,000 व्होल्टची होते. एरवी शेजाऱ्यांच्या घरांचा भार पडून छोटे जनित्र तत्काळ गुदमरते, म्हणून कोणास कळत नाही. पण तार तुटून पडली असेल आणि बाकीची घरे तुटलेल्या भागापलीकडे राहिली असतील, तर ते गुदमरत नाही. आणि नेमक्या त्याच तुटक्या तारेवर लाइनमन काम करीत असतो. वाहिनी बंद केली आहे ह्या विश्वासाने तो भिजलेल्या खांबावर चढलेला असतो. बहुधा तो आपल्याच पंचक्रोशीतील असतो, आणि त्याच्या घरीही दिवा गेलेलाच असतो.

ह्यास उपाय एकच: मीटरनंतर, परवानाधारक वायरमनकडून, चेंजओव्हर स्विच बसवून घेणे. ह्या स्विचात घरची तार एक तर खांबाकडे जोडली जाते किंवा जनित्राकडे. दोन्हींकडे एकाच वेळी जोडली जाणे शक्यच नसते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा स्विच मागावा. जनित्राची अर्थिंग करून घ्यावी. तेवढा खर्च झेपत नसेल तर घराच्या वायरिंगला हात न लावता, जाड तांब्याची तीन तारांची एक्स्टेन्शन घेऊन फ्रिज व दिवे थेट तिच्यावर चालवावेत. वायर हातास गरम लागू लागली तर ती बारीक आहे असे समजून बदलावी.

इंधनाविषयी एक नवी अडचण उत्पन्न झाली आहे. 2025 सालापर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. आणि पावसाळ्यात टाकीत पेट्रोल तसेच पडून राहिले तर पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे बसते. मग ऐन गरजेच्या रात्री दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, पण यंत्र सुरू होत नाही. म्हणून पेट्रोल थोडे व ताजे आणावे. वापर झाला की इंधनाची तोटी बंद करून यंत्र आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे, एखाददुसरा पंखा जोडून, यंत्र चालवावे. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने इतके इथेनॉल त्याच्या रबरी नळ्यांस मानवते की नाही, हे मिस्त्रीस विचारून घ्यावे. रॉकेल मिसळण्याचा काटकसरी सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

1934 च्या पेट्रोलियम कायद्यान्वये विक्रीसाठी नसलेले 30 लीटरपर्यंत पेट्रोल परवान्यावाचून जवळ ठेवता येते, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात. घरगुती कामास पाच लीटर पुष्कळ झाले. ते चुलीपासून, देव्हाऱ्यातील दिव्यापासून आणि मुलांच्या हातापासून दूर असावे. टाकी भरताना यंत्र बंद करून पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे. तापलेल्या सायलेन्सरवर चार थेंब सांडले तरी भडका उडतो, आणि रात्री टॉर्च धरण्यास दुसरा माणूस नसेल तर हे काम सकाळपर्यंत तसेच ठेवावे.

बाकी निगा सोपी आहे. नव्या यंत्राचे तेल पहिल्या 20 तासांनंतर बदलावे, पुढे दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी. तेल कमी झाले की बहुतेक यंत्रे स्वतःच थांबतात. आणि यंत्र उतारावर ठेवल्यासही तसेच होते, हे ठाऊक नसल्यामुळे मिस्त्रीस फुकटचे पैसे दिले जातात. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन, सुकवून, त्यावर तेलाचा हात फिरवून पिळावा. प्लग वर्षातून एकदा काढून साफ करावा व त्याची फट 0.7 ते 0.8 मिलीमीटर आहे हे पाहावे. किती तास चालवले ते एका वहीत लिहून ती यंत्राजवळच खिळ्यास टांगावी.

गावात एकाच्या घरी जनित्र आले की ते लवकरच साऱ्या वाड्याचे होते. कोठे लग्न, कोठे सण, कोठे रात्रभर जागायचे मयताचे घर. नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये. मात्र यंत्राबरोबर त्याची जाड वायर आणि नरसाळेही द्यावे, स्वतः जाऊन ते अंगणात कोठे ठेवायचे ती जागा दाखवावी, त्या घरी चेंजओव्हर नसेल तर भिंतीच्या प्लगला हात लावू नये असे घरातील थोरांस सांगावे, आणि परत आल्यावर तेलाची पातळी पाहून वहीत तास लिहावेत.