शेवट गोड करावा, ही विनंती

मार्चचा पहिला शुक्रवार जवळ आला की जागतिक प्रार्थना दिनाचे कागद बायकांच्या मोबाइलवर फिरू लागतात. 2026 ची उपासना नायजेरियातल्या बायकांनी लिहिलेली आहे, आणि विषय मत्तयच्या अकराव्या अध्यायातला: भाराक्रांतांना मिळणारा विसावा. या कागदांच्या मागोमाग परवा माझ्याकडे आणखी एक कागद आला. कुठल्या मंडळीचा ते सांगत नाही. मंडळीच्या हिशोबांवर मागे लिहिलं तेव्हा नाव न घेताही 'हे आमच्यावरच आहे' असं म्हणत किती जण अंगावर आले, ते नियमित वाचकांना आठवत असेल.

कागदाचं नाव 'साक्ष देणाऱ्या भगिनींसाठी सूचना'. प्रत्येकीला तीन मिनिटं. पहिल्या मिनिटात पूर्वीची स्थिती, दुसऱ्यात प्रभूने कसा मार्ग काढला, तिसऱ्यात आजचा आनंद. पती, सासर, पाळक किंवा मंडळी यांच्याविषयी तक्रारीचा सूर नको. रडू आल्यास थांबावं, संयोजिका वचन वाचून पुढे नेतील. शेवट आशादायक करावा, ही नम्र विनंती. खाली नमुन्याची साक्ष जोडलेली, गाळलेल्या जागांसकट. आजाराचं नाव तेवढं आपलं आपण भरायचं.

म्हणजे विषय ओझ्यांचा, आणि ओझी मात्र दाराबाहेर ठेवून यायचं.

साक्षीशी माझं भांडण नाही. साक्षी ऐकतच मी मोठी झाले. पण बायका एकमेकींना आपली दुःखं का सांगतात, हे या कागदाच्या कर्त्याला (कर्ता म्हणते, कर्ती नव्हे, पुरावा मागू नका) ठाऊक असावं असं वाटत नाही. पवित्र शास्त्र तरी उघडायचं. मरीया लगबगीने डोंगराळ भागात अलीशिबेकडे गेली आणि तिथे सुमारे तीन महिने राहिली. मिनिटं नव्हे, महिने. एक म्हातारपणी गरोदर, दुसरी लग्नाआधी. त्या भेटीतलं एक गीत लूकने टिपून ठेवलं. बाकीचे दिवस दोघी काय बोलल्या याची चौकशी त्याने केलेली नाही. आणि नामी? नवरा आणि दोन्ही मुलगे मवाबात गमावून ती बेथलेहेमला परतली आणि गावच्या बायकांना तोंडावर म्हणाली की भरली गेले होते, देवाने मला रिकामी परत आणलं. कोणी तिला सूर बदलायला सांगितलं नाही. पुढे रूथला मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवायला शेजारणीच जमल्या.

पण शास्त्र बाजूला ठेवू. आपल्या मराठी ख्रिस्ती बायकांकडे दुःख सांगण्याच्या दोन थोर तऱ्हा आहेत आणि हा कागद वाचल्यापासून त्या दोन्ही माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसून आहेत. एक पंडिता रमाबाईंची, दुसरी लक्ष्मीबाई टिळकांची.

रमाबाईंनी आपली साक्ष 1907 साली इंग्रजीत लिहिली. दुष्काळात गेलेले आई-वडील, गेलेली बहीण, मग भावाबरोबरची पायपीट, झेलमच्या काठी थंडीतून वाचायला भावा-बहिणीने वाळूत खड्डे खणून स्वतःला पुरून घेणं, भावाचा मृत्यू, नवऱ्याचा मृत्यू, 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. आणि त्यानंतर काही वर्षांनी झालेली जाणीव, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळायचा आहे. सगळं एका दिशेने चालतं. एकही दुःख वाया जात नाही, प्रत्येक दुःख पुढच्या पायरीवर नेऊन सोडतं. त्यांना तसंच लिहावं लागलं असणार. 1893 मध्ये त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनावर धर्मांतराचा गहजब झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. दुसरीकडे इंग्लंडातले चर्चवाले त्यांच्या श्रद्धेची उलटतपासणी करून दमले नव्हते. आयुष्यभर आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईने निवेदन दिलं तर ते निवेदनासारखंच असणार.

लक्ष्मीबाईंना कोणी पिंजऱ्यात उभं केलं नव्हतं. 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात चार भागांत निघालं. शाळेची पायरी न चढलेली ही बाई सुरुवात करते तीच 1857 च्या बंडानंतर आजोबांना झालेल्या फाशीपासून आणि वडिलांना जडलेल्या सोवळ्याच्या वेडापासून. मीठसुद्धा धुऊन घेणारा बाप. वाचताना हसू आवरत नाही, आणि या वेडापायी घरातल्या बायकांचं काय झालं असेल हे कळतं तेव्हा हसल्याची लाज वाटते. मग टिळक. 1895 मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला आणि बाई मुलाला घेऊन कित्येक वर्षं वेगळी राहिली. पुढे एकत्र आले, तरी टिळकांचा संताप, त्यांचं न सांगता निघून जाणं, घरात दाणा नसताना हातातलं दुसऱ्याला देऊन टाकणं, यातलं काही तिने झाकलेलं नाही. फुलामुलांचे कवी म्हणून उभा महाराष्ट्र ज्यांना डोक्यावर घेतो, त्यांच्यापायी घरच्या बाईची काय तारांबळ उडे, ते तिने हसत सांगून टाकलं. शिवाय त्याच माणसावरचं तिचं प्रेम पानापानावर आहे, तेही झाकलेलं नाही.

आता सूचनांचा कागद 'स्मृतिचित्रे'ला लावून पाहा. पतीविषयी तक्रारीचा सूर नको, या एका कलमाने पुस्तकाचा तीन चतुर्थांश भाग गेला. सासर गाळलं की उरलेल्यातलंही निम्मं गेलं. शेवटी राहील ते टिळकांच्या बाप्तिस्म्याची तारीख आणि लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याची तारीख.

रमाबाईंचं पुस्तक मिटल्यावर माणूस आदराने गप्प होतो. लक्ष्मीबाईंचं वाचताना मध्येच पुस्तक उपडं ठेवून बायका आपलं सांगायला लागतात. आमच्या घरी आई, मावशी आणि शेजारच्या काकू, तिघींचं हे पुस्तक कधीच सलग वाचून झालं नाही. मावशीचा नवराही महिनोन्‌महिने नाहीसा व्हायचा. हे ती आईला पहिल्यांदा बोलली ते टिळकांवर चिडता चिडता.

रमाबाईंवर अन्याय नको, म्हणून हेही लिहिते. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरायला टेकलेल्या मुली घेऊन आल्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधली माणसं 1900 च्या सुमारास दीड हजारांवर गेली. दुष्काळात तिकडे का गेल्या, याचं कारण रमाबाईंनीच लिहून ठेवलंय: आपण भुकेले होतो ते दिवस आठवले. पायऱ्या रचलेल्या साक्षीपेक्षा ही न रचलेली आठवण जास्त मुलींच्या कामी आली, असं माझं मत. मिशनचे इंग्रजी अहवाल आणि 'मुक्ती प्रेअर बेल'सारखी पत्रकं परदेशी वाचकांसाठी निघत. 'आधी अशी होती, आता अशी आहे' हा साचा तिकडच्या देणगीदारांनी आपल्या गळ्यात मारला असा माझा जुना संशय आहे. संशयच आहे. पण देणगीदार जाऊन जमाना झाला तरी साचा मोडत नाही, याला काय म्हणायचं?

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. या दोघीही ब्राह्मण घरांतून आल्या. नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या ज्यांच्यावर उभ्या राहिल्या, त्या बहुतेक महार-मांग घरांतल्या बायका होत्या. त्यांच्या कथा कोणी चार भागांत छापल्या नाहीत. त्यांच्या नातींची दुःखं तर तिसऱ्या मिनिटाला आनंदात बदलतही नाहीत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. 1956 मध्ये शीख, 1990 मध्ये बौद्ध आत आले, आपण अजून बाहेरच. वाडा-वस्ती तीच, शिवी तीच, फक्त दाखला मिळत नाही. मुलाची फी भरायची कशी या काळजीत असलेल्या बाईने 'प्रभूने कसा मार्ग काढला' या रकान्यात काय लिहावं?

आणि साक्षींसाठी लावलेला तो माइक. होय, आलेच माइकवर. तुमच्यापैकी काहींनी पैज लावली असेल. माणूस माइकसमोर उभा राहिला की त्याचा आवाज चढतो आणि खरेपणा उतरतो, हे मी आजवर पुराव्याविना लिहीत आले आणि पुढेही लिहीन. दहा बाय बाराच्या खोलीत, वीस बायकांसाठी, त्यातल्या सहा एकाच बाकावर, माइक कशाला? तर म्हणे ध्वनिमुद्रण करायचंय.

बायकांनी सांगितलेलं दुःख तपासून, कापून मग वाटायचं ही हौस फक्त आपल्याकडे नाही. 2024 ची प्रार्थना दिनाची उपासना पॅलेस्टाईनच्या बायकांनी लिहिली होती. गाझातलं युद्ध पेटल्यावर जर्मनीतल्या समितीने ते साहित्य मागे घेऊन सुधारून काढलं. तिथे निदान कारण इतिहासाएवढं मोठं होतं. आमच्याकडे सासूबाई पुढच्या बाकावर बसलेल्या असतात, एवढं पुरतं.

खरं बोलणं होतं ते परतीच्या ट्रॅक्समध्ये. दहाच्या गाडीत सोळा जणी, मांडीवर डबे आणि 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक. मेळाव्यात 'प्रभूने नवऱ्याला दारूतून सोडवलं' असं सांगून टाळ्या घेतलेली बाई गाडीत शेजारणीला म्हणते, सोडवलं होतं गं, दिवाळीपर्यंत. शेजारीण वचन वाचत नाही. म्हणते, आमच्यात नाताळपर्यंत टिकली. मग दोघी हसतात, आणि मागच्या सीटवरून तिसरी विचारते की नगरच्या त्या डॉक्टरांकडे नेलं होतं का, औषध लागू पडलं का, पैसे किती घेतात.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि तो पाळकांचा नव्हे, बायकांचाच आहे. मोकळं बोलावं तर दुसऱ्या दिवशी वस्तीभर होतं. चाळीस घरांच्या मंडळीत नवऱ्याच्या हातचा मार सांगणाऱ्या बाईला संध्याकाळी त्याच घरात परत जायचं असतं. हा धोका खरा आहे आणि तो तीन मिनिटांच्या सूचनेने जात नाही, उलट माइक आणि ध्वनिमुद्रणाने वाढतो. त्यावर माझ्याकडे एवढंच: बायकांची बैठक बायकांचीच असू द्या. मोबाइल बंद. आणि 'आशीर्वादापुरते' म्हणून आलेले पाळकसाहेब, ज्यांची खुर्ची शेवटपर्यंत हलत नाही, त्यांनी तेवढा वेळ कार्यालयात बसून मंडळीचा हिशोब पुरा करावा. वार्षिक सभेत यंदा तरी तो वाचता येईल.