किल्ली कामगाराच्याच खिशात हवी

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत पंप नसलेला कारखाना शोधूनही सापडणार नाही. नाशिक शहराची घाण तपोवन व आगर टाकळीच्या मलनिस्सारण केंद्रांकडे लोटणारे पंप वेगळेच. पंप बंद पडला की साहेबांपासून ठेकेदारापर्यंत सर्वांचे फोन वाजू लागतात. पंप दुरुस्त करताना माणूस मेला, तर मात्र पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि पंप पुन्हा सुरू होतो!

अशा प्रकरणांचे कागद आम्हा वकिलांच्या टेबलावर येतात, तेव्हा त्यांत एक वाक्य हमखास असते: 'कामगार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मरण पावला.' हे वाक्य तपासून पाहिले पाहिजे.

पंप उघडण्याची रीत प्रत्येक जाणत्या फिटरला ठाऊक असते. फक्त स्टार्टरचे बटण दाबून पंप बंद करणे म्हणजे बंद करणे नव्हे. टाकीतील पाणी चढले की फ्लोट स्विच पंप आपोआप चालू करतो आणि इंपेलरमध्ये हात असलेल्या माणसाचा हात जातो. म्हणून मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप लावायचे, 'काम चालू आहे' अशी पाटी टांगायची. नंतर बटण दाबून व टेस्टरने तपासून वीज खरोखर गेल्याची खात्री करायची. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून आतला दाब व पाणी काढून टाकायचे. नाहीतर पाइपातले पाणी उलटे येऊन वीज नसतानाही इंपेलर फिरवते. काम संपल्यावर कपलिंगवरचे गार्ड परत बसवायचे, मगच कुलूप काढायचे. आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे? सुपरवायझरकडे नाही, ठेकेदाराकडे नाही. ज्याचा हात पंपात आहे, त्याच्याच खिशात!

सांडपाण्याच्या विहिरीत धोका दुहेरी आहे. तेथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. प्रथम सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. वास्तविक पाण्यात बुडालेला पंप मार्गदर्शक पाइपांवरून साखळीने वर ओढता येतो, चिंध्या व प्लास्टिक वरच काढता येते. माणसाला उतरवण्याची गरजच नाही. पण चेनपुलीला पैसे पडतात, माणूस स्वस्त पडतो.

कोणता माणूस? प्रश्न येथे आहे. केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत 2024 पर्यंत नोंदवलेल्या सुमारे 38 हजार गटार-सेप्टिक टँक कामगारांपैकी जवळपास 92 टक्के अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गातील होते. एकट्या अनुसूचित जातींचे सुमारे 69 टक्के. वर उभा राहून पाना फिरवणारा तंत्रज्ञ ठरतो आणि खाली उतरणारा हेल्पर. ही केवळ श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. याच नाशिक जिल्ह्यात, मनमाडला, 12 व 13 फेब्रुवारी 1938 रोजी झालेल्या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. सांडपाण्याच्या विहिरीत हे दोघे एकत्र भेटतात.

कायदा काय म्हणतो? विषारी वायूच्या जागेत तपासणीशिवाय उतरायचे नाही, अन्यथा श्वसनयंत्र व कमरेचा पट्टा हवा, आणि त्याच्या दोरीचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवे, हे 1948 च्या कारखाने कायद्यात होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी 1948 च्या मूळ कायद्यात 10 कामगार पुरेसे होते. आता 20 लागतात. लहान वर्कशॉपमधल्या आपल्या मुलांवर याचा काय परिणाम होईल, याचा विचार कोणी केला? गटार व सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईवर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर नेली. आणि 'निष्काळजीपणा'चे ते वाक्य? कामगाराचा मृत्यू झाल्यास त्याचा निष्काळजीपणा हा भरपाई नाकारण्याचा बचाव ठरत नाही, हे तत्त्व 1923 च्या भरपाई कायद्यात होते आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. म्हणून घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका.

2026-27 च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ ठेवण्याच्या गोष्टी उदंड होतात. ती स्वच्छता ज्या पंपांवर अवलंबून आहे, त्यांच्या दुरुस्तीच्या प्रत्येक ठेक्यात कुलूप, वायुमापक, ब्लोअर, चेनपुली आणि प्रशिक्षण यांची अट घालावी व नंतरच बिल मंजूर करावे, ही आपली मागणी असली पाहिजे.

पण मागणीवर थांबून चालणार नाही. आपल्या वस्त्यांत आयटीआय झालेले फिटर, वायरमन आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार बुद्धविहारात द्यावा आणि हेल्पर म्हणून राबणाऱ्या पोरांना ही रीत शिकवावी. 'शिका' याचा अर्थ केवळ पदवी नव्हे. 1930 साली याच शहरात काळाराम मंदिराची दारे आपल्यासाठी बंद केली गेली. ती किल्ली दुसऱ्यांच्या हातात होती. आज आपल्या जीवाची किल्ली तरी दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

जय भीम!