दुर्मिळ रोग आणि दुर्लभ नोंद

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरसारख्या गावात सिमेंटचा पत्रा ही कोणाला नवलाची वस्तू नव्हे. गोठा, आखाडा, दुकान यांवर तो सोयीचा आणि स्वस्त म्हणून चढतो. या पत्र्याला बळकटी देणारे खनिज तंतू बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात. या तंतूंचा आणि फुप्फुसाच्या आवरणाला होणाऱ्या ‘मेसोथेलिओमा’ या कर्करोगाचा संबंध वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील ३३ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवून दिला. ते सारेच खाणकामगार नव्हते. काहींचे केवळ बालपण खाणींच्या परिसरात गेले होते.

अभंग पत्र्याखाली राहणे आणि पत्रा कापणे, भोके पाडणे वा फोडणे यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात तंतू हवेत उडतात, श्वासावाटे आत जातात आणि तेथेच रुतून बसतात. रोग प्रकट होण्यास २० ते ५० वर्षे लागतात. धूम्रपानाशी या रोगाचा संबंध नाही. दम लागणे, छातीत दुखणे, पाणी होणे ही त्याची लक्षणे. आपल्याकडे छातीत पाणी झाले की प्रथम क्षयाचा संशय येतो, आणि तो अस्वाभाविकही नाही. परंतु तीस वर्षांपूर्वी रुग्णाने कोणते काम केले, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. रोग दुर्मिळ आहे हे खरे. पण आपल्याकडे तो किती दुर्मिळ आहे, हे अशा नोंदींवरून ठरविता येणार नाही.

संघटित कामगाराची स्थितीही फारशी आश्वासक नाही. मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील कामगारांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासलेल्या पाचांपैकी सुमारे एकाला ॲस्बेस्टॉसजन्य फुप्फुसविकार आढळला. त्यापूर्वी, जानेवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे, अथवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला होता. रोगाचा सुप्तकाळ पाहता तो यथार्थच होता. तथापि कारखान्याला दप्तर असते. गावोगाव पत्रे चढविणाऱ्या गवंड्याला आणि त्याच्या हाताखालच्या मजुराला कोणते दप्तर?

शासनाने १९८६ साली ॲस्बेस्टॉसच्या खाणींसाठी नवे पट्टे देणे थांबविले. आयात मात्र चालूच राहिली. साठांहून अधिक देशांनी हा पदार्थ वर्ज्य केला असता, स्वतःच्या भूमीतून काढण्यास अयोग्य ठरविलेली वस्तू परदेशातून आणून गरिबाच्या छपरावर घालणे, याला धोरण कसे म्हणावे?

टप्प्याटप्प्याने बंदी आणि परवडणारे पर्यायी छप्पर हाच अंतिम उपाय होय. तोवर निदान दोन गोष्टी साध्य आहेत. जुना पत्रा कोरडा न फोडता, ओला करून अखंड उतरवावा. आणि छातीचा रुग्ण तपासताना प्रत्येक रुग्णालयाने त्याचा व्यवसाय, अगदी तरुणपणचासुद्धा, लिहून घ्यावा. या दुसऱ्या गोष्टीला फारसा खर्च नाही. ती न करता रोग दुर्मिळ म्हणून निश्चिंत राहणे म्हणजे मोजणी न करताच हिशेब मिटविणे होय.